प्रकल्प नोंदी : ऑनलाइन खरेदीचा नाद आधी ओळखता येतो का? (सांगली, जानेवारी ते एप्रिल २०२५)

३ जानेवारी, शुक्रवार

मॅडमनी पहिल्याच मिटिंगला सांगितलं की रिपोर्ट शेवटी सगळेच लिहितात आणि त्यात सगळं कसं पहिल्यापासून ठरवूनच केल्यासारखं दिसतं, त्यामुळं आठवड्याला एकदा तरी तारीख टाकून काय केलं काय फसलं ते लिहा, याला पण मार्क आहेत. म्हणून ही वही.

विषय ठरला एकदाचा. आम्ही आधी ग्राहक कुठली सर्व्हिस कधी सोडून जाणार ते ओळखायचं वगैरे घेऊन गेलेलो, मॅडम म्हणाल्या ते दरवर्षी तिघं करतात. मग पार्टनर (ती मिरजेहून येते रोज) म्हणाली ऑनलाइन शॉपिंगचं व्यसन प्रेडिक्ट करूया की, कॉलेजच्या हॉस्टेलच्या वॉचमनची खोली पार्सलांनी भरलेली असते. मॅडमना आवडलं. मला वाटलं सोपं आहे, फॉर्म काढायचा, दोनशे जणांकडून भरून घ्यायचा, पायथनमध्ये (प्रोग्रामिंगची भाषा) टाकायचं, झालं. फेब्रुवारीत मोकळे.

संध्याकाळी वाचायला बसले. हा प्रकार मोबाईलबरोबर आला असेल असं वाटलेलं पण जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच याला नाव देऊन ठेवलंय, ओनिओमेनिया, ग्रीकमध्ये ओनिओस म्हणजे विकायला ठेवलेलं. तेव्हा कुठला अ‍ॅप आणि कुठली डिलिव्हरी.

८ जानेवारी

दोन दिवस वाचनातच गेले. जे हाताला लागलं ते टिपून ठेवते नाहीतर नंतर सापडत नाही.

मोजायचं कसं याला रेडिमेड पट्टी आहे. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या सेसिली अँड्रियासन आणि इतरांनी २०१५ साली काढलेली, शॉपिंग व्यसनाची बर्गन पट्टी. २३,५३७ जणांवर तपासलेली (आम्ही दोनशेच्या गप्पा मारतोय). अठ्ठावीस वाक्यांतून सात निवडली, प्रत्येक वाक्य व्यसनाच्या एकेका लक्षणाचं. सारखं डोक्यात तेच असणं, मन बरं वाटावं म्हणून खरेदी, त्यापायी रोजची कामं राहणं, तेवढंच समाधान मिळायला आधीपेक्षा जास्त घ्यावं लागणं, कमी करायचं ठरवून न जमणं, अडवलं की जीव कासावीस होणं, आणि त्यातून खरंच नुकसान होणं. पाच पर्याय, 'अजिबात सहमत नाही' ते 'पूर्ण सहमत'. सातांपैकी चार वाक्यांना सहमत किंवा पूर्ण सहमत आलं की धोका धरायचा असं त्यांनी सुचवलंय. यातली सहा लक्षणं मार्क ग्रिफिथ्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं २००५ ला मांडलेल्या सहा घटकांतून आलेली, तेच सहा जुगाराला पण लावतात नि गेमिंगला पण.

पण हा आजार आहे का? इथं सगळ्यांचं एकमत नाही. अमेरिकेची मानसिक आजारांची यादी आहे, डीएसएम ५ (२०१३), त्यात स्वतंत्र आजार म्हणून नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी ११ मध्ये, आवेग न आवरण्याच्या 'इतर' विकारांचं उदाहरण म्हणून नाव येतं, तेवढंच. आणि ऑनलाइनचं वेगळं धरायचं का हा अजून वेगळा वाद. जर्मनीतल्या २०१९ च्या एका अभ्यासात उपचारासाठी आलेल्या १२२ जणांना तपासलं तर त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांचं ऑनलाइन व्यसनात बसत होतं, म्हणजे सगळ्यांचंच ऑनलाइनचं असतं असं नाही.

आमच्या विषयाच्या सगळ्यात जवळचं म्हणजे सुझन रोज आणि अरुण धंदायुधम यांचा २०१४ चा लेख. कोणाला हे जडू शकतं याची सात कारणं मांडलीयत: स्वतःबद्दल कमीपणा, स्वतःवर ताबा कमी, मन खराब असणं, खरेदीत मजा येणं, बाई असणं, कोणी बघत नाही ही सोय, आणि डोक्यावर माहितीचा भडिमार. 'बाई असणं' वाचून पार्टनर म्हणाली घ्या, हे पण आपल्यावरच.

१४ जानेवारी, संक्रांत

फॉर्म मराठीत करायचा हे आम्हीच ठरवलेलं आणि आम्हीच अडकलो.

पहिला कच्चा फॉर्म आज घरातच फिरवला, तिळगूळ द्यायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल. वरती शीर्षक होतं 'ऑनलाइन खरेदीचे व्यसन: सर्वेक्षण'. तिघांनी शीर्षक वाचूनच फोन परत दिला. काकू म्हणाल्या, "अगं व्यसन कुठलं आम्हाला, आमच्यात चहा सोडला तर कुणी कशाला शिवत नाही." बरोबर आहे, आपल्याकडं व्यसन म्हटलं की दारू, मावा, मटका. खरेदीला कोण व्यसन म्हणेल? सगळ्यांचे स्कोर शून्य किंवा एक.

मग दुपारी शब्द बदलून 'नाद' टाकला. हुशारी वाटली. संध्याकाळी भाऊ आणि त्याचे तीन मित्र बसलेले, त्यांना दिला तर हसत हसत सगळीकडं पूर्ण सहमत, पूर्ण सहमत. "आपला नादच खुळा!" मी कपाळावर हात. इकडं सांगली कोल्हापुरात नाद म्हणजे कौतुक, बैलगाडीचा नाद, बुलेटचा नाद, ज्याला नाद नाही तो माणूस कसला. एका शब्दानं सगळे साधूसंत झाले आणि दुसऱ्या शब्दानं सगळे व्यसनी. स्कोर माणसाचा येत नव्हता, शीर्षकाचा येत होता.

मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या दोन्ही शब्द काढा, काय करता तेवढंच विचारा. आणि उलटं भाषांतर करा, म्हणजे इंग्रजीवरून मराठी केलेलं तिसऱ्या माणसाला देऊन परत इंग्रजी करून घ्यायचं आणि मूळ वाक्याशी जुळवायचं. हे पुस्तकात वाचलेलं पण करायचा कंटाळा केलेला.

२१ जानेवारी

उलटं भाषांतर झालं. सातातली दोन वाक्यं पार वेगळी निघाली. 'खरेदी' म्हटलं की लोक किराणा, लग्नाचा बस्ता सगळं धरतात, म्हणून प्रत्येक वाक्यात 'मोबाईलवरून मागवणे' घातलं. जड झालं वाक्य, पण चालतंय.

सध्या सव्वीस जानेवारीचे सेल चालू असल्यामुळं अजून एक काम लावून घेतलं, रोज रात्री एका अ‍ॅपचे स्क्रीनशॉट काढायचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या डिझाईनवर नियमावली काढली, तेरा प्रकार दिलेत त्यात. खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत काहीतरी सरकवणं, नको म्हटलं की लाज वाटेल असं बटण ठेवणं, शेवटच्या पानावर हळूच किंमत वाढवणं, नको त्या वर्गणीत अडकवणं, सारखं टुमणं लावणं असे. एक कुर्ता मी सलग पाच दिवस बघितला, पाचही दिवस 'फक्त २ शिल्लक'. सहाव्या दिवशी पण दोनच. घेतला नाही मी, पण सहा दिवस तोच कुर्ता बघत होते हे इथं लिहून ठेवते.

३० जानेवारी

फॉर्म सोडला. कॉलेजचे ग्रुप, विश्रामबागच्या क्लासचा ग्रुप, पार्टनरच्या मिरजेच्या सोसायटीचा, वहिनींच्या भिशीचा. भिशीवाल्यांनी एका रात्रीत चाळीस भरून दिले, कॉलेजची पोरं अजून 'भरतो की' वर आहेत.

९ फेब्रुवारी

एकूण २१४ आले. सहा जणांनी दोनदा भरलेला, पाच जणांनी वरपासून खालपर्यंत एकच गोल दाबलेला. राहिले २०३. चार-वाक्यांच्या नियमानं त्यातले १७ धोक्यात. आमच्या ग्रुपांत फिरलेल्या फॉर्मवरून हे सांगलीचं चित्र आहे असं कुणी समजू नये, हे रिपोर्टात पण ठळक लिहायचंय.

एक लाजिरवाणी गोष्ट. फॉर्मवर 'नाव गुप्त राहील' लिहिलेलं आणि खाली ईमेल गोळा करायचं सेटिंग चालूच राहिलेलं. आज तो कॉलम डिलीट केला, शीट दोघींपुरती केली, आणि ग्रुपांवर माफी टाकली. ज्यांनी परत संपर्क करा म्हणून स्वतःहून नंबर दिले तेवढेच वेगळ्या फाईलला.

१५ फेब्रुवारी

झालं! मॉडेल पळालं, म्हणजे वय, ऑर्डरी, वेळा अशा फॉर्ममधल्या बाकीच्या उत्तरांवरून कोण धोक्यात ते ओळखायला शिकणारा प्रोग्राम. लॉजिस्टिक रिग्रेशन (हो की नाही याची शक्यता शून्य ते एकमध्ये काढणारी पद्धत), २०३ पैकी ४१ जण टेस्टला बाजूला ठेवलेले, त्यातले ४० बरोबर. ९७.६ टक्के. पार्टनरला रात्री साडेअकराला फोन, ती म्हणाली पेपर छापूया. आईनं विचारलं काय झालं एवढं हसायला.

१७ फेब्रुवारी

छापायचं नाही काही. मॅडमनी दोन मिनिटांत पकडलं. "ही 'टोटल' कॉलम आत काय करतीय?"

सात वाक्यांची बेरीज मी एका कॉलममध्ये करून ठेवलेली, धोका आहे-नाही तो शिक्का पण त्याच सात वाक्यांवरून मारलेला, आणि मॉडेलला देताना सात वाक्यं काढली पण बेरीज काढायची राहिली. म्हणजे पेपरात प्रश्नाखाली उत्तर छापून पोरांना बसवलं नि म्हटलं बघा वर्ग किती हुशार आहे. याला डेटा लीकेज म्हणतात, थिअरीत मला यावर पाच मार्काचं उत्तर पाठ आहे.

टोटल काढून परत चालवलं. ४१ पैकी ३७ बरोबर, ९०.२ टक्के. वाईट नाही म्हणेपर्यंत मॅडमचा दुसरा प्रश्न, टेस्टमध्ये धोक्यातले किती होते? तीन. आणि सापडला किती? एक. दोन सुटले, आणि दोन भल्या माणसांना उगाच पकडलं. आता समजा मॉडेलच नाही, सगळ्यांना डोळे झाकून 'धोका नाही' म्हटलं, तर ४१ पैकी ३८ बरोबर, ९२.७ टक्के. काहीच न करणारा दगड आमच्यापेक्षा हुशार निघाला.

घरी येताना गणपतीच्या देवळापाशी भडंग घेतलं आणि दोघींनी न बोलता खाल्लं.

२३ फेब्रुवारी

पूर्ण आठवडा याच्याशी झगडण्यात. मला आता कळायला लागलंय की अडचण कोडची नाहीच. धोक्यातले फक्त १७ आहेत. एक ढोबळ नियम आहे की दर दहा 'हो' ला एक कारण मॉडेलात घालावं, तसं बघितलं तर आम्हाला पावणेदोन कारणं पण परवडत नाहीत. आम्ही अकरा घातलेली! म्हणून तर प्रत्येक वेळी डेटा नव्यानं कापला की वेगळंच काहीतरी महत्त्वाचं ठरत होतं, एकदा वय, एकदा हॉस्टेल, एकदा चक्क बुधवार.

पार्टनरचं म्हणणं खोट्या ओळी तयार करून १७ चे १७० करूया, त्याला स्मोट म्हणतात, २००२ पासून सगळे वापरतात. करून बघितलं. पहिल्यांदा आम्ही आधी वाढवलं नि मग टेस्ट वेगळी काढली, आकडे एकदम चकाचक, कारण त्याच माणसांच्या सावल्या दोन्हीकडं. (परत लीकेज, वेगळ्या दारानं.) नीट केलं तर फरक नगण्य. सतरा जणांची गोष्ट एकशे सत्तर वेळा सांगितली म्हणून नवीन माणूस कळत नाही.

शेवटी दोनच कारणं ठेवायची ठरलं. रात्री अकरानंतरच्या ऑर्डरी, आणि मन खराब असताना अ‍ॅप उघडणं. मी खूश. पार्टनर गप्प बसून कागदाकडं बघत होती आणि म्हणाली, अगं हे दुसरं तर पट्टीतलंच वाक्य आहे ना, मन बरं वाटावं म्हणून खरेदी. आपण परत उत्तरच देतोय त्याला, शब्द फिरवून.

खरंच की. आणि मग मला वाटायला लागलं की आम्ही वाचलेल्या किती जणांनी हेच केलं असेल.

२ मार्च

आज घरात एक गंमत झाली आणि माझ्या मते प्रोजेक्टची खरी सुरुवात आज झालीय, दोन महिन्यांनी.

मन खराबचं काढून त्याजागी महिन्याच्या ऑर्डरींचा आकडा घातलेला. मॉडेलनं सगळ्यात जास्त धोका दिला ओळ नंबर २७ ला, ०.८१. ओळ २७ म्हणजे आमच्या वहिनी, त्यांनी स्वतःच हौसेनं सांगितलेलं की मी सत्ताविसावी भरली. महिन्याला तीसच्या वर ऑर्डरी, बऱ्याच रात्री अकरानंतर. आणि सात वाक्यांपैकी सहमत किती? शून्य.

त्यांना विचारलं तर भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अगं त्या माझ्या कुठल्या? अख्ख्या गल्लीच्या त्या." गावभागात आमच्या बोळाचा पत्ता कुठल्याच मॅपवर धड येत नाही, डिलिव्हरीवाल्यांना फक्त आमचं घर माहितीय, त्यामुळं अकरा घरांची खरेदी वहिनींच्या एका अकाउंटवरून होते. कुणाच्या पोराचे शाळेचे बूट, कुणाच्या मिक्सरचं भांडं, समोरच्या आजोबांचा गुडघ्याचा पट्टा, रांगोळीचे छाप. रात्री जेवणं झाली की बायका येऊन बसतात आणि वहिनी फोनवर शोधून देतात, म्हणून वेळ अकरानंतरची. पैसे रोख, हिशोब कॅलेंडरच्या मागं. ज्या बाईला मॉडेल व्यसनी म्हणतंय ती गल्लीचं दुकान चालवतीय, ते पण फुकट.

आणि उलट बाजूची ओळ सापडली. सातपैकी सहा सहमत, ऑर्डरी महिन्याला दोन. मॉडेलनं त्या माणसाला सगळ्यात सुरक्षित धरलेलं. शेवटच्या मोकळ्या रकान्यात एवढंच लिहिलंय: काही वेळा बॉक्स उघडत पण नाही.

कोण आहे माहिती नाही, ईमेल आम्हीच उडवलेत. बरं केलं असं पण वाटतंय आणि नाही असं पण.

८ मार्च

आमच्याकडं पार्सल आणणाऱ्या दादांना चहाला थांबवलं. फोनवर वेळ बघत बघत दहा मिनिटं बोलले, पण आम्ही वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा जास्त कामाचं बोलले.

"ताई, पार्सलं किती त्यावर काय कळत नसतंय. लई पार्सलं येणारी घरं निवांत असतात, दार उघडं टाकून 'ठेवा तिथं' म्हणतात. मला कळतंय ते फोनवरनं. बेल वाजवू नका म्हणणारे, मेडिकलमध्ये ठेवा म्हणणारे, कोपऱ्यावर येऊन घेणारे." आणि मग म्हणाले, "आणि एक असतात, ऑर्डर करतात, आपण दारात गेलो की नको म्हणतात. कॅश ऑन डिलिव्हरी असती. चारचारदा. भांडत नाहीत, चिडत नाहीत, नुसतं नको. त्यांना ऑर्डर करायचीच असती, घ्यायची नसती."

हे मी शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. आमच्या फॉर्ममध्ये दारात नाकारलेल्या पार्सलांचा प्रश्नच नव्हता! का नव्हता, तर आम्ही घेतलेल्या वस्तू मोजत होतो.

रात्री शोधलं. २००७ मध्ये ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून वस्तू दाखवल्या, मग किंमत दाखवली. आवडती वस्तू दिसली की मेंदूतला बक्षिसाच्या अपेक्षेशी संबंधित भाग जागा होतो, किंमत फार वाटली की दुसराच एक भाग, इन्सुला, जो दुखण्या-नकोशा गोष्टींशी जोडलेला आहे. म्हणजे सुख बघण्यात आहे आणि पैसे देणं टोचतं. आणि २००१ चा एक प्रयोग आहे, प्रेलेक आणि सिमेस्टर यांचा, तिकिटांच्या लिलावात ज्यांना कार्डानं पैसे द्यायचे होते त्यांनी रोखवाल्यांपेक्षा खूप जास्त बोली लावली. टोचणी कमी केली की हात सैल. आता कॅश ऑन डिलिव्हरीत काय होतं बघा, बघायचं सुख आज रात्री आणि टोचणी चार दिवसांनी दारात. दारात टोचली की नको म्हणायचं. पे लेटरमध्ये (आत्ता घ्या, पैसे नंतर द्या) ती टोचणी महिन्यानं येते आणि तेव्हा नको म्हणता येत नाही. हा शेवटचा भाग माझा अंदाज आहे, आमच्या डेटात याचा पुरावा नाही.

१४ मार्च

धुळवड. काम शून्य.

१९ मार्च, रंगपंचमी

ज्यांनी नंबर दिलेले त्यातल्या ३८ जणांनी तोच सात वाक्यांचा फॉर्म परत भरला, नाकारलेल्या पार्सलांचा आणि लपवण्याचा प्रश्न वाढवून. पाच जण चार वाक्यांच्या रेषेच्या एका बाजूचे दुसऱ्या बाजूला गेलेत. तीन बाहेर आले, दोन आत गेले.

त्या आत गेलेल्या दोघांत एक मी आहे. फेब्रुवारीत माझी तीन वाक्यं सहमत होती, आता चार. चौथं कुठलं? 'कमी करायचं ठरवून जमलं नाही.' फेब्रुवारीत मी ते ठरवलंच नव्हतं म्हणून असहमत दाबलेलं! फॉर्म भरल्यानंतर ठरवलं, जमलं नाही, आणि झाले धोक्यातली. माझं वागणं तेच, ऑर्डरी उलट कमी. म्हणजे ज्याला अजून वाटतच नाही की थांबावं त्याचा स्कोर कमी येणार आणि जो धडपडतोय त्याचा वाढणार. ही पट्टीची चूक आहे असं मी म्हणत नाही, ते लक्षणच तसं आहे. पण आम्ही ज्याला 'उत्तर' धरून मॉडेल शिकवतोय ते उत्तरच महिन्यात हलतंय.

मग स्वतःच्या ऑर्डरींची यादी काढून बसले. वस्तूंपेक्षा वेळा बघितल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री, बाबांशी वाजलं त्या रात्री, कृष्णेचं पाणी चढत होतं आणि लाईट गेलेली त्या रात्री पण, पॉवर बँकवर, चार केसांच्या क्लिपा. १८९ रुपये. कुठल्याही मॉडेलला त्यात काही दिसणार नाही. मला दिसतंय.

आईला विचारलं मी पार्सल लपवते का. आई म्हणाली, "कपाटाच्या मागं ठेवतीस ते? मला काय माहिती ते लपवलंय, मला वाटलं जागा नाही."

२९ मार्च

मॅडमशी दीड तास. विषय बदलायचा नाही, शीर्षक बदलायचं. 'प्रेडिक्शन' काढून 'ओळखण्यातल्या अडचणी' घातलं. मॅडमनी एक हिशोब मांडायला लावला तो आता रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर आहे, जसाच्या तसा देते.

२०१६ मध्ये बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून मराझ, ग्रिफिथ्स आणि देमेत्रोविच यांनी मोठ्या माणसांत सक्तीच्या खरेदीचं प्रमाण साधारण ४.९ टक्के काढलं. आपण पाच धरू. दोनशे माणसं घेतली तर खरे दहा. समजा कुणीतरी आमच्यापेक्षा लई भारी मॉडेल केलं, खऱ्यातले ८० टक्के पकडणारं आणि चांगल्यांना ८० टक्के वेळा सोडणारं. तर दहातले आठ सापडतील. उरलेल्या १९० पैकी ३८ उगाच अडकतील. एकूण ४६ जणांवर शिक्का, त्यात खरे आठ. बाकी ३८ सगळ्या वहिनी.

यावर पार्टनरनं विचारलं मग ज्यांना हे मॉडेल खरंच हवंय ते कोण? मी म्हटलं मदत करणारे. ती म्हणाली नाही गं, विकणारे. त्यांच्याकडं आपल्यासारखी सात वाक्यं नाहीत पण रात्री किती वाजता कुठल्या कुर्त्यावर किती सेकंद थांबलो ते सगळं आहे, आणि त्यांना ३८ चुकीचे निघाले तरी काय फरक पडतोय, त्यांना एक नोटिफिकेशन जास्त जाईल एवढंच. यावर मला उत्तर सुचलं नाही. मॅडमनी हे रिपोर्टात घ्या म्हटलं, पण सौम्य भाषेत.

फॉर्मच्या शेवटी आता टेलिमानसचा नंबर टाकलाय, १४४१६, केंद्राची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाईन, २०२२ पासून चालू आहे. हा पहिल्या दिवशी टाकायला हवा होता. बॉक्स न उघडणाऱ्या माणसानं जानेवारीवालाच फॉर्म भरलेला, त्यात नव्हता.

११ एप्रिल

व्हायवा झाला. एक्सटर्नल सर साताऱ्याहून आलेले, आल्या आल्या म्हणाले आमच्या मिसेस रोज काहीतरी मागवतात, त्यांचं सांगा बघू तुमचं मॉडेल काय म्हणतंय. सगळे हसले. मी म्हटलं सर कोणासाठी मागवतात ते विचारा आधी. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "हां, नातवासाठीच बरंच."

मग गाडी आकड्यांवर. दगडाचे ९२.७ आणि आमचे ९०.२ शेजारी शेजारी छापलेले बघून म्हणाले हे का दाखवताय, कमी आहे की. पार्टनरनं सरळ सांगितलं, खरं आहे म्हणून. मार्क किती मिळतील माहिती नाही. बाहेर आल्यावर मात्र मॅडम काही न बोलता चहा पाजायला घेऊन गेल्या.

१३ एप्रिल

फाईल जमा झालीय, स्पायरलचे दोनशे चाळीस रुपये पार्टनरला द्यायचेत. नंबरांची फाईल डिलीट केली, रिसायकल बिनमधून पण.

पुढच्या बॅचला द्यायला फॉर्मची चौथी आवृत्ती करून ठेवली. शीर्षकात व्यसन नाही, नाद पण नाही. 'महिन्याला किती मागवता' च्या शेजारी नवीन रकाना, 'त्यातलं स्वतःसाठी किती', खाली दारात नाकारलेली किती, अजून न उघडलेली किती. चाचणी म्हणून पहिला वहिनींनाच भरायला लावला. एकूण ३४, स्वतःसाठी २. त्यातलं पण एक परत पाठवलं म्हणाल्या, साईज लहान आली.